चिपला तिचा नंबर विचार

बारापैकी नऊ लागले, तीन अडले, असं तू काल फोनवर सांगितलंस. पुढे म्हणालीस, "मामा, हे तीन बोर्ड लिनक्सला चालतच नसणार." ते वाक्य रात्री डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी लिहायला बसलो. फोनवर सांगितलेलं वाऱ्यावर जातं. अठ्ठावीस वर्षं दुकानात बसून जे हाताला कळलं, ते तुझ्या लॅबच्या कपाटात कागदावर असू दे.

बोर्ड चालत नाही असं म्हणू नकोस, कारण बोर्ड ही एक वस्तू नाहीच. ती चाळ आहे. एका खोलीत नेटवर्कची चिप, दुसरीत आवाजाची, तिसरीत यूएसबीची, आणि जिन्याखाली पंखे नि तापमान बघणारी एक बारकी चिप. चाळीवर ज्या कंपनीचं नाव रंगवलेलं असतं, तिने यातल्या बहुतेक चिपा बनवलेल्याही नसतात. नेटवर्क बहुधा रिअलटेकचं, आवाजही बहुधा त्यांचाच, तापमानाची चिप नुव्होटॉनची नाहीतर आयटीईची, चिपसेट इंटेलचा किंवा एएमडीचा. लिनक्स चाळीच्या पाटीशी बोलत नाही, प्रत्येक खोलीचं दार वेगळं ठोठावतं. म्हणून 'हा बोर्ड चालेल का' हा प्रश्न सोडून दे. कोणती चिप गप्प आहे आणि का गप्प आहे, एवढंच शोधायचं.

पण त्याआधी कॅबिनेट उघड. आपल्याकडे रत्नागिरीत चार महिने हवेतच पाणी असतं. सुट्टीत बंद राहिलेलं मशीन जूनमध्ये सुरू केलं की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर आलेला असतो. लिनक्सचं इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडणं, दर वेळी वेगळ्याच ठिकाणी एरर येणं, हे बघितलं की माझा पहिला संशय रॅमवर. मशीन बंद कर, वायर भिंतीतून काढ, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग रॅम काढ. साधं पांढरं खोडरबर पट्ट्यांवर हलक्या हाताने फिरव, कचरा झटक, सुक्या कापडाने पूस, क्लिप 'टक' वाजेपर्यंत परत बसव. खोडरबर रॅमवर, स्लॉटमध्ये कधीच नाही. स्लॉटला फक्त ब्रश. मग मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेव. त्यात एक जरी लाल ओळ आली, तरी त्या मशीनवर लिनक्सचा विचार थांबव आणि आधी रॅम बदल.

बोर्डावरचे गोल कॅपॅसिटर वरून बघ. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल, किंवा तपकिरी रस बाहेर आला असेल, तर तो बोर्ड आजारी आहे. २००० नंतरची काही वर्षं अशा खराब कॅपॅसिटरची साथच आली होती, जगभर. त्या काळात माझ्याकडे येणारा प्रत्येक जण 'व्हायरस आहे, फॉरमॅट मारा' म्हणायचा, आणि मीही मारायचो. दोन दिवसांनी मशीन परत. फॉरमॅटने कॅपॅसिटर बरा होत नाही हे शिकायला मला एक अख्खं वर्ष लागलं. तेवढा वेळ तुझा जाऊ नये.

आता तुझं तिसरं मशीन, जे रोज सकाळी 'बूट डिव्हाइस नाही' म्हणतं आणि दुपारी तू सेटिंग बदललंस की चालतं. त्याचं घड्याळ बघ. वर्ष मागे गेलं असेल तर तो बोर्डावरचा सेल आहे, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, छोट्या नाण्यासारखा दिसतो तो. सेल संपला की रात्री बोर्ड बंद होताच बायोसची सेटिंग्ज कारखान्यातल्यासारखी होतात. तू लिनक्स यूईएफआय पद्धतीने टाकलंस, आणि सकाळी बोर्ड जुन्या लेगसी पद्धतीने बूट शोधायला निघतो. त्याला काय सापडणार? याच सेलमुळे दुसरीही एक गोष्ट होते. तारीख मागे गेली की प्रत्येक संकेतस्थळाचं प्रमाणपत्र 'अजून वैध नाही' असं दिसतं, आणि एपीटी म्हणतं की रिलीज फाइल अजून लागू झालेली नाही. पोरं सांगतात 'नेट बंद आहे'. नेट धडधाकट असतं. मल्टिमीटरवर सेल २.७ व्होल्टच्या खाली गेला असेल तर बदलून टाक. बाराही मशीनचे एकदमच बदल, वय सारखंच आहे त्यांचं.

घड्याळाचंच आणखी एक. ऑफिसच्या मशीनवर तू विंडोज आणि डेबियन दोन्ही ठेवलंयस ना? तिथे वेळ बरोब्बर साडेपाच तासांनी चुकलेली दिसेल. विंडोजमध्ये मागे, नाहीतर लिनक्समध्ये पुढे. हा सेलचा दोष नाही. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवून दाखवतं. विंडोज त्याच घड्याळात थेट भारतीय वेळ लिहून ठेवतं. दोघांपैकी एकाला समजवावं लागतं. चूक पाच तास तीस मिनिटांची असेल तर हे भांडण, अन्य कितीही असेल तर सेल. एवढी खूण पुरे.

एवढं झालं की पेनड्राइव्हवरून लाइव्ह डेबियन सुरू कर. इन्स्टॉल नको, आधी नुसतं चालव. आणि चालवून काय बघायचं, तर डेस्कटॉप दिसला की उठायचं नाही. प्रत्येक यूएसबी खाचेत माऊस लावून बघ, मागच्याही आणि पुढच्याही. हेडफोन पुढच्या भोकात लाव. नेटवर्कची वायर लाव, काढ, परत लाव. मशीन झोपव आणि उठव. रीस्टार्ट कर. मग पूर्ण बंद करून, वायर काढून, दोन मिनिटांनी थंड सुरू कर. गरम रीस्टार्टला चालणारं यंत्र थंड सुरुवातीला अडतं, आणि उलटही होतं. विंडोजमधून थेट लिनक्समध्ये आलेल्या मशीनचं तर नक्की असं करायचं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप यंत्राला खरं बंद करत नाही, अर्धवट निजवतं. त्या अर्ध्या झोपेत कधी वाय-फायची नाहीतर नेटवर्कची चिप भलत्याच अवस्थेत राहते आणि लिनक्सला ती दिसूनही उत्तर देत नाही. विंडोजच्या डिस्कवर लिहिता येत नाही ही तक्रारही बहुतेक वेळा तिथूनच येते. फास्ट स्टार्टअप बंद कर, मग निदान.

आता मुख्य गोष्ट. टर्मिनल उघड आणि लिही: एल एस पी सी आय, लहान अक्षरांत, जोडून, मग जागा सोड, आडवी रेघ, आणि तिला चिकटून एन एन के. एंटर. बोर्डावर पीसीआयच्या वाटेने जोडलेला प्रत्येक रहिवासी यात येतो. प्रत्येकापुढे चौकटी कंसात दोन आकडे, मध्ये विसर्गासारखी खूण. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा त्या नेमक्या चिपचा. इंटेलचा कंपनी-आकडा आहे ८०८६. तो त्यांच्या १९७८च्या त्या प्रसिद्ध प्रोसेसरवरून घेतलाय. रिअलटेकचा १०ईसी, एनव्हिडियाचा १०डीई, ब्रॉडकॉमचा १४ई४. हे चार पाठ झाले की यादी वाचता वाचता घरं ओळखू येतात.

हा आकडा मी इतका का मानतो, ते सांगतो. डीएमआयडीकोड नावाची दुसरी आज्ञा आहे, ती बोर्डाला त्याचं नाव विचारते. चांगल्या बोर्डावर नाव, मॉडेल, बायोसची तारीख, सगळं येतं. पण आपल्याकडे एच६१ चिपसेटचे जे बिननावी बोर्ड सर्रास विकले जातात, त्यांना विचारलंस तर कंपनीच्या जागी लिहिलेलं येतं 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' म्हणजे बनवणाऱ्याने इथे आपलं नाव भरावं. कुणी भरलंच नाही. खोक्यावर एक नाव, बोर्डावर दुसरं, बायोसमध्ये कोरा फॉर्म. अशा बोर्डाच्या नावाने मदत शोधत बसलीस तर हाती काही लागत नाही. पण त्यावरची नेटवर्क चिप आपला आकडा प्रामाणिकपणे सांगते. १०ईसी, ८१६८. तो आकडा जगात लाखो ठिकाणी तोच आहे, आणि त्याची औषधं माहीत आहेत.

त्या यादीत प्रत्येक चिपेखाली एक ओळ येते, 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज'. तिथे थांब. चिप गप्प असते ती चार प्रकारे, आणि चारही प्रकारांना उपाय वेगळा आहे. लोक गोंधळतात ते इथेच.

पहिला प्रकार, चिप यादीतच नाही. मग ड्रायव्हर शोधणं व्यर्थ आहे. जी चिप बसवर हजेरीच देत नाही तिला ड्रायव्हर काय करणार? एकतर ती बायोसमध्ये बंद केलेली आहे, 'ऑनबोर्ड लॅन' डिसेबल्ड असं. नाहीतर ती मेलेली आहे. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज कडाडली की ब्रॉडबँडच्या वायरीतून झटका थेट बोर्डाच्या लॅन पोर्टात शिरतो. बाकी बोर्ड जिवंत, फक्त तेवढी एक चिप जळते. मेमध्ये अशी मशीन माझ्याकडे रांगेने येत. वायर लावल्यावर पोर्टचा दिवा लागतो का बघ. दिवाही नाही आणि यादीतही नाही, तर पाचेकशे रुपयांचं नेटवर्क कार्ड घे, मोकळ्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत लाव आणि पुढच्या कामाला लाग. जळलेल्या चिपेसाठी रात्र जागवू नकोस.

दुसरा प्रकार, चिप यादीत आहे, पण 'इन यूज'ची ओळ नाही. म्हणजे दार आहे, ठोठावणारा नाही. इथे कर्नेलचं वय बघायचं. चिप नवी आणि कर्नेल जुनं असेल तर ओळख होणारच नाही. रिअलटेकची अडीच गिगाबिटची ८१२५ चिप घे. ती बोर्डांवर आली तेव्हा जुन्या कर्नेलला तिचा पत्ताच नव्हता, आणि लोक निर्मात्याचा ड्रायव्हर स्वतः कंपाइल करत बसले. नव्या कर्नेलमध्ये ती आपोआप लागते. म्हणून बाहेरून ड्रायव्हर आणून घुसवण्याआधी नवं कर्नेल असलेला पेनड्राइव्ह लावून बघणं हे नेहमी स्वस्त. डेबियन १३ ऑगस्ट २०२५मध्ये आलं, त्यात ६.१२ कर्नेल आहे. तुझ्या जुन्या यंत्रांना ते भरपूर झालं.

बाहेरचा ड्रायव्हर टाकलाच तर लक्षात ठेव, कर्नेल अद्ययावत झालं की तो परत बांधावा लागतो. डीकेएमएस ते आपोआप करतं, पण त्या कर्नेलच्या हेडर फाइली मशीनवर असतील तरच. 'कालपर्यंत चालत होतं, अपडेट झालं आणि नेट गेलं' या तक्रारीचं मूळ मला दहादा इथेच सापडलंय. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नेल आत घेतच नाही. एकतर मोक नावाची आपली किल्ली नोंदवायची, नाहीतर शाळेच्या लॅबपुरतं सिक्युअर बूट बंद ठेवायचं. लॅबला मी बंद ठेवीन. तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपला किल्ली नोंदव.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. चिप आहे, ड्रायव्हरही लागलाय, तरी काम शून्य. तेव्हा सुडो डीमेसेज चालव आणि 'फर्मवेअर' शब्द शोध. 'फेल्ड टू लोड' असं दिसलं तर काय झालंय ते समजून घे. ड्रायव्हर हा कर्नेलमधला माणूस. फर्मवेअर हा चिपेच्या स्वतःच्या पोटात चालणारा छोटा प्रोग्रॅम, जो प्रत्येक सुरुवातीला तिला भरवावा लागतो. वाय-फायच्या जवळपास सगळ्या चिपांना तो लागतो. हा प्रोग्रॅम बहुधा मुक्त स्रोताचा नसतो, निर्माता नुसती बंद फाइल देतो. डेबियनवाले तत्त्वाचे पक्के, म्हणून त्यांच्या मूळ इन्स्टॉलरमध्ये या फाइली वर्षानुवर्षं नसत. वाय-फाय सुरू व्हायला फर्मवेअर हवं आणि फर्मवेअर उतरवायला वाय-फाय हवं, अशा पेचात मी कितीतरी मुलांना पाहिलंय. २०२२मध्ये त्यांनी आपसांत मतदान घेतलं आणि १० जून २०२३ला आलेल्या डेबियन १२पासून या फाइली इन्स्टॉलरमध्येच दिल्या. मला तो निर्णय योग्य वाटला. ज्या पोरीकडे एकच जुना लॅपटॉप आहे, तिला पहिल्याच पायरीवर दार बंद दिसलं तर ती परत येत नाही. तुला आता फक्त एवढंच बघायचंय की पेनड्राइव्ह कुणी जुना बनवून दिलेला नाही ना.

चौथा प्रकार म्हणजे सगळं जागच्या जागी आहे आणि तरी वागणूक वाईट. हँग होतं, आवाज तुटतो, झोपलेलं उठत नाही. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे माणसं धीर सोडतात.

तुझं दुसरं मशीन, ते चपटं छोटं, दहा-वीस मिनिटांनी गोठतं. प्रोसेसरचं नाव बघ. सेलेरॉन जे१९०० किंवा एन२८ने सुरू होणारं काही असेल, तर ती इंटेलची बे ट्रेल पिढी. हे प्रोसेसर रिकामे असताना खोल झोपेत जात आणि तिथून परत येताना अडकत. नव्या कर्नेलांनी हे बरंच आवरलंय, पण सगळ्या बोर्डांवर नाही. खूण अशी, की काम चालू असताना यंत्र ठीक राहतं आणि पोरं टेबल सोडून गेली की गोठतं. सुरुवातीला ग्रब दिसलं की 'ई' दाब, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंटेल अंडरस्कोर आयडल, टिंब, मॅक्स अंडरस्कोर सीस्टेट, बरोबर, १ असं जोड, आणि एफ१० दाब. म्हणजे प्रोसेसरला खोल झोप बंद. हा बदल त्या एका सुरुवातीपुरताच असतो, रीस्टार्ट केलं की गेला. म्हणूनच तो बिनधास्त करून बघता येतो. दिवसभर टिकलं तरच कायमच्या सेटिंगमध्ये लिही.

ग्रबमधली ही 'ई' ची कळ माझं सगळ्यात आवडतं हत्यार आहे. पडदा काळा राहतो? नोमोडसेट जोड. चित्र आलं तर दोष ग्राफिक्सचा, बोर्डाचा नाही. लॉगमध्ये 'पीसीआयई बस एरर, करेक्टेड' अशा ओळींचा पूर येऊन डिस्क भरत चाललीय? पीसीआयई अंडरस्कोर एएसपीएम बरोबर ऑफ करून बघ. वीज वाचवायला तो दुवा मधूनमधून झोपतो आणि काही चिपांना ते झेपत नाही. पण एका वेळी एकच. ज्या कुणाला मी चार पर्याय एकदम जोडताना बघितलं, त्याला शेवटी कशाने बरं झालं ते कधीच कळलं नाही, आणि पुढच्या मशीनवर तो परत चारही जोडत बसला. आणि एसीपीआय बरोबर ऑफ हा जालीम उपाय कुणी सांगितला तर फक्त निदानाला वापर, मुक्कामाला नको. त्याने वीज, पंखे, झोप, बंद होणं, सगळीच व्यवस्था जाते.

एसीपीआयचं थोडं समजून घे, पुष्कळ कोडी सुटतील. बोर्डाच्या बायोसमध्ये काही तक्ते असतात, आणि त्यांत चक्क छोटे प्रोग्रॅम असतात. झाकण मिटलं तर काय करायचं, कोणत्या चिपेची वीज कधी तोडायची, हे त्यांत लिहिलेलं असतं. ते प्रोग्रॅम यंत्रावरच्या कार्यप्रणालीला विचारतात, 'तू कोण?' विंडोजच्या कोणत्या आवृत्तीचं उत्तर येतं त्याप्रमाणे वेगळं वागतात. निर्मात्याने तपासलेलं असतं ते विंडोजवर, म्हणून लिनक्सने फार पूर्वी ठरवलं की 'मीच विंडोज' असं उत्तर द्यायचं. त्यात लबाडी नाही. त्या बोर्डावर फक्त तीच वाट नीट झाडलेली असते. तरी एखाद्या बोर्डाच्या तक्त्यातच चूक असते आणि मग एसीपीआय अंडरस्कोर ओएसआय या पर्यायाने उत्तर बदलून बघावं लागतं. झोप आणि ब्राइटनेसच्या तक्रारींना हे लागू पडतं.

आता बायोस. तिथला एक खटका मला चार दिवसांना पडला. बहुधा २०१२चं साल असेल. एएम३+ सॉकेटचा ९७० चिपसेटचा बोर्ड, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. बायोसमध्ये कीबोर्ड चालतो, ग्रबमध्ये चालतो, आणि ६४ बिट लिनक्स उभं राहिलं की कीबोर्ड मेला, माऊस मेला, नेटवर्क मेलं. मी तीन वेगवेगळ्या डिस्ट्रो टाकल्या, एसएमपीएस बदलला, गिऱ्हाइकाला 'बोर्ड परत करा' म्हणालो. चौथ्या दिवशी जुन्या गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड जोडला. तो चालला! तेव्हा उमगलं की यूएसबी आणि नेटवर्क एकत्र जातात म्हणजे दोन चिपा एकदम बिघडलेल्या नाहीत, त्या दोघींच्या आधीचं काहीतरी अडलंय. ते होतं आयओएमएमयू, म्हणजे चिपांना रॅमचे पत्ते लावून देणारी व्यवस्था. बायोसमध्ये ती बंद होती. चालू केली, सगळं एका क्षणात उभं. तेव्हापासून दोन असंबद्ध वस्तू एकदम गेल्या की मी त्यांच्या सामाईक वाटेवर संशय धरतो. आणि एक पीएस/२ कीबोर्ड फळीवर ठेवतो. तूही ठेव.

दुसरा खटका नव्या मशीनवर भेटेल. इन्स्टॉलर म्हणतो डिस्कच नाही. एनव्हीएमई एसएसडी डोळ्यांना दिसतेय, विंडोज तिच्यावरून चालतंय, आणि लिनक्सला ती नाही. बायोसमध्ये साटा मोड 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' असेल, अकराव्या पिढीपासून 'व्हीएमडी' असेल. तो डिस्कला आपल्या पदराआड ठेवतो. मोड एएचसीआय कर, किंवा व्हीएमडी बंद कर. पण थांब. त्या डिस्कवर विंडोज असेल तर ते पुढच्या सुरुवातीला निळा पडदा दाखवेल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल, मग सेफ मोडमधून एकदा उठलं की परत नेहमीचं. आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी किल्ली कागदावर लिहून घेतल्याशिवाय बायोसला हात लावायचा नाही. हे वाक्य लाल शाईने उतरवून घे.

कधी डिस्क खरंच नाहीशी होते, पण तिचं कारण लिनक्सही नसतं आणि मोडही नसतो. बऱ्याच बोर्डांत एम.२ खाच भरली की दोन साटा पोर्ट बंद पडतात, कारण वाट एकच असते. बोर्डाच्या पुस्तिकेत बारीक टायपात लिहिलेलं असतं. पुस्तिका फेकू नको देऊस कुणाला.

बायोस अद्ययावत करावा का, असं तू विचारलं होतंस. सरसकट नाही. पण कधीकधी दुसरा इलाज नसतो. जुलै २०१९मध्ये एएमडीचे रायझेन ३००० प्रोसेसर आले आणि त्यांच्यावर तेव्हाची नवी लिनक्स उभीच राहीनात, जुनी मात्र राहत. सगळ्यांनी सिस्टमडीला दोष दिला. खरी गोष्ट ही की प्रोसेसरकडे यादृच्छिक अंक मागितला की तो दर वेळी एकच उत्तर देत होता. विंडोजवर डेस्टिनी २ हा खेळही त्याच कारणाने सुरू होत नव्हता. बोर्ड कंपन्यांनी नवा बायोस दिला आणि दोन्ही बरे झाले. एक दोष, दोन प्रणालींत दोन चेहरे. म्हणून लिनक्समध्ये विचित्र काही दिसलं तर विंडोजवाल्यांचीही काही तक्रार आहे का, ते बघत जा.

बायोस चढवताना मात्र लाइट गेली तर बोर्ड निर्जीव होतो. आपल्याकडे लाइट कधी जाईल हे कोण सांगणार? मशीन आधी यूपीएसवर घे, बॅटरी वायर काढून तपास, पावसाचे ढग असतील तर उद्यावर टाक. आणि तरी फसलंच तर रडू नकोस. बायोस बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या चिपेत असतो. सीएच३४१ए नावाचं स्वस्त यंत्र आणि फ्लॅशरॉम हा मुक्त प्रोग्रॅम, यांनी ती परत लिहिता येते. चिप ३.३ व्होल्टची की १.८ची, ते आधी बघायचं, लॅपटॉपमध्ये १.८च्या सापडतात आणि त्यांना मधला अडॅप्टर लागतो. असे वीसेक बोर्ड मी परत उठवलेत.

पुढच्या वर्षी संस्था नवे बोर्ड घेणार म्हणालीस. मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलीस तर 'लिनक्सला चालेल का' असं दुकानदाराला विचारू नकोस, तो हो म्हणेल. आपला पेनड्राइव्ह सोबत ने, काउंटरवर लाव आणि यादी काढ. वाय-फायचं कार्ड वेगळं घेत असशील तर इंटेलचं एएक्स२१० घे. एएक्स२०१ थोडं स्वस्त दिसेल, पण ते अर्धंच कार्ड आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या बोर्डात ते कुठल्याही प्रणालीवर चालणार नाही. आणि अगदी कालच बाजारात आलेला बोर्ड शाळेला नको. वर्षभर जुना झालेला घे, तोवर कर्नेलशी त्याची ओळख झालेली असते.

एक वही कर. प्रत्येक मशीनला एक पान. वर बायोसची आवृत्ती, खाली त्या यादीतले नेटवर्क, आवाज आणि ग्राफिक्सचे आकडे, मग तारीख घालून काय बदललं आणि काय झालं. नऊ चांगल्या मशीनची पानंही लिही, तीच जास्त कामाला येतात. अडलेल्या मशीनशेजारी त्याच जातीचं चांगलं मशीन ठेवून दोन्ही पानं समोरासमोर धरलीस की फरक बहुतेक वेळा नजरेत भरतो.

आता उद्याचं. तिसऱ्याला नवा सेल, दुसऱ्याला ग्रबमधली ओळ. पहिल्याचं, ज्याला नेट दिसत नाही त्याचं, मला अजून कळलेलं नाही, कारण तू मला बोर्डाचं नाव सांगितलंस. वायर लाव, पोर्टचा दिवा बघ, यादी काढ, आणि 'इथरनेट' लिहिलेल्या ओळीतले ते दोन आकडे आणि तिच्याखाली 'इन यूज' आहे की नाही एवढं फोटो काढून पाठव. ओळच नसेल तर तसं कळव. दुपारी दोननंतर मी मोकळा आहे.